मादाम ओडेट आणि उजवीकडचा हक्क

...आणि म्हणूनच टायग मामा, परवा फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालास ना, की परक्या गावात राहून तिथल्याच लोकांना गाडी चालवायला शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जेवायला बसून सूपमध्ये मीठ कमी आहे असं सांगणं, ते मला अजिबात पटलेलं नाही. मीठ कमी असतं तर मी गप्प बसले असते. इथे सूपमध्ये खिळे आहेत. फोनवर सगळं सांगायला गेले की तू मध्येच "बरं बरं, मेंढ्या आत घ्यायच्यात" म्हणतोस आणि फोन ठेवतोस (रविवारी दुपारी दोनला कुठल्या मेंढ्या आत घेतात, हे मी विचारणार नाही), म्हणून हे पत्र. पत्र बाजूला ठेवता येतं, पण त्याचं बोलणं तोडता येत नाही.

थांब, नमस्कार राहिलाच. मी एकदम मुद्द्यावर आले हे आईला कळलं तर ती म्हणेल, हेच शिकवलं का तुला. तर तुला आणि ऊना मामीला इथून वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला गेला, की अजून तू त्याचं खापर धुक्यावर फोडतोस? माझी तब्येत एकदम मस्त आहे. बटाटे इथेही मिळतात. तळलेले मिळतात आणि वरून मेयोनीज घालतात, पण त्यावरून आपण भेटल्यावर भांडू. बेल्जियमची हवा आपल्या गावाकडच्या लीट्रिमसारखीच आहे, म्हणजे पाऊस आहे, फक्त इथले लोक त्याबद्दल तक्रार फ्रेंचमध्ये करतात.

तर मुद्दा. इथे ज्या चौकात काहीच पाटी नसते, तिथे उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं. नियम एवढाच. ऐकायला किती सोपा आणि गोड वाटतो ना? मलाही वाटला होता. पण उजवीकडून म्हणजे कुठूनही. समज तू मोठ्या रस्त्याने, उतारावरून, छान गाणं म्हणत येतोयस, आणि उजव्या हाताला दोन घरांच्या मधून एक बोळ येतो, इतका अरुंद की दोन्ही बाजूंच्या बायका खिडकीतून एकमेकींना साखर देऊ शकतील, तरीसुद्धा त्या बोळातून निघणारा माणूस म्हणजे राजा. आणि राजा डावीकडे बघत नाही. त्याचं कारणही मी शोधून काढलंय. पूर्वी इथे असा नियम होता की ज्याचा हक्क आहे तो जर चौकात थांबला, तर त्याचा हक्क गेला. म्हणजे सावध माणसालाच शिक्षा. तो नियम काढून टाकून कितीतरी वर्षं झाली, पण ती बातमी सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही, साठीच्या पुढच्यांपर्यंत तर नाहीच. त्यामुळे कुणी थांबत नाही. थांबायचं सोड, बघतही नाहीत. कारण तुम्ही बघितलं की समोरच्याला कळतं, यांनी आपल्याला बघितलंय, म्हणजे आता हे आपल्याला धडकणार नाहीत, आणि तो बिनधास्त निघून जातो. न बघणाऱ्यापुढे मात्र सगळे ब्रेक मारतात. करणार काय बिचारे.

आता आमच्या समितीबद्दल. "परदेशी रहिवासी रस्ता सुरक्षा समिती" हे नाव मी सुचवलं आणि ते एकमताने पास झालं, कारण त्या दिवशी मीटिंगला दोघीच होतो. दुसरी पिर्को, आमची अध्यक्ष, फिनलंडची. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या देशात माणसाला आधी बर्फावर गाडी घसरवून दाखवावी लागते, मगच लायसन्स मिळतं, त्यामुळे ती इथल्या लोकांकडे नर्स जशी शिंकणाऱ्या पोरांकडे बघते तशी बघते. पुढे एक ग्रीक काकाही आले. ते मीटिंगमध्ये आमच्यापेक्षा जास्त कळवळून बोलतात की इथले लोक काय बेफाम चालवतात, अंगावर काटा येतो (त्यांची स्वतःची गाडी तेव्हा खाली झेब्रा क्रॉसिंगवर उभी असते). मी चिटणीस. समितीत अजून कुणी मला विचारलेलं नाही की ग्रॉन्या, तुझ्याकडे लायसन्स आहे का. विचारलं नाही तर सांगायचं कशाला? मी घरी तीनदा नापास झाले हे तुला माहीत आहेच, पहिल्यांदा तर तूच मला घेऊन गेला होतास. पण इथली लेखी परीक्षा मी पैकीच्या पैकी मार्क मिळवून पास झालेय मामा. पैकीच्या पैकी. रस्त्याबद्दल मला सगळं माहीत आहे, फक्त गाडीबद्दल थोडं कमी माहीत आहे.

आमच्या गावात सगळ्यात वाईट जागा म्हणजे बेकरीचा कोपरा. चर्चकडून खाली येणारा एकेरी उतार, आणि त्याला उजवीकडून येऊन मिळणारा आमचा बोळ. पालिकेला आम्ही पाटी लावा म्हणून सांगितलं तर ते म्हणाले अभ्यास चालू आहे. म्हणून मग आम्हीच अभ्यास करायला पिवळी जाकिटं घालून एका शनिवारी तिथे उभे राहिलो, बोळातून बाहेर पडताना किती जण डावीकडे बघतात ते मोजायला. सकाळभरात एकच माणूस बघताना सापडला, आणि नंतर कळलं की तो बेकरीतल्या केककडे बघत होता. पिर्को निराश होऊन जाकीट काढायला लागली, तेवढ्यात बोळातून शिलाई मशीनला सर्दी झाल्यासारखा आवाज आला आणि एक छोटी पांढरी गाडी अशी सुसाट बाहेर पडली की उतारावरून येणारी ब्रेडची व्हॅन सरळ फुटपाथवर चढली. पिर्कोने फोटो काढला. मी नाही काढला. मी त्या गाडीला ओळखत होते. ती आमच्याच अंगणात उभी असते.

मादाम ओडेट म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. वय त्र्याऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि गावातल्या प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवलंय त्यांनी. मी वरच्या खोलीत राहते, त्या खाली. त्यांच्या गाडीची डावी बाजू अशी दिसते जशी कुणी रागाने चुरगाळून परत सरळ केलेली कागदाची पिशवी. उजवी बाजू कोरी करकरीत. मी एकदा (पहिल्याच आठवड्यात, तेव्हा मला अक्कल नव्हती) त्या पोच्यांबद्दल हळहळले, तर त्यांनी मला अंगणात नेऊन एकेक पोचा ओळख करून द्यावी तसा दाखवला. हा खाटकाचा. हा नवीन पाद्रीबाबांचा. त्यांचं म्हणणं असं की सगळे पोचे डावीकडे आहेत, म्हणजे दर वेळी समोरचा डावीकडून आला होता, म्हणजे दर वेळी त्या बरोबर होत्या. इतकी वर्षं गाडी चालवून उजव्या बाजूला एक ओरखडा नाही, याला त्या आपलं रेकॉर्ड म्हणतात. आणि मामा, गंमत अशी की कायद्याने ते खरंच बरोबर आहे.

त्यांना लायसन्स कसं मिळालं ते पण ऐक. त्या काळी इथे परीक्षाच नव्हती. पालिकेत जाऊन खिडकीवर मागायचं. मादाम वडिलांबरोबर गेल्या, कारकुनाने विचारलं गाडी चालवता येते का, त्या म्हणाल्या, चालवतच आलेय. झालं. कारकुनाने वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली आणि शिक्का मारला.

तर तो फोटो. पिर्कोने तो पालिकेच्या मासिक पत्रकात छापून आणला, "आमचा धोकादायक कोपरा" म्हणून. मादामना फोटो फार आवडला. गाडी इतकी छान कधीच आली नव्हती म्हणाल्या, आणि बहिणीला पाठवायला आणखी प्रती मागवल्या. पण तो त्यांच्या मुलानेही पाहिला. तिएरी शहरात राहतो, विम्याच्या ऑफिसात मोठा साहेब आहे, आणि त्याच्याकडे एक राखाडी रंगाची विजेवर चालणारी गाडी आहे जी आवाजच करत नाही, एकदम मागे येऊन उभी राहते, त्याच्यासारखीच. तो रविवारी जेवायला आला आणि जेवणानंतरचा गोड टार्ट कापायच्या आधीच म्हणाला, "आई, पुरे आता. किल्ली दे."

मादामनी टार्टचा एक तुकडा कापून डब्यात भरला, कारण तो फेर्नांचा.

इथे मला जरा गंभीर व्हावं लागेल, सॉरी. फेर्नां म्हणजे त्यांचे मिस्टर. ते पलीकडच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहेत, कारण त्यांना आता आठवत नाही. मुलाचं नाव आठवत नाही, स्वतःचं घर आठवत नाही, मादामना ते कधी कधी "ताई" म्हणतात. पण दुपारी ती पांढरी गाडी टेकडी चढायला लागली की तिचा तो सर्दी झालेला आवाज ऐकून ते खुर्चीतून उठतात आणि खिडकीशी जाऊन उभे राहतात. रोज. मी स्वतः पाहिलंय. तिएरी आपल्या गाडीतून गेला की ते उठत नाहीत. त्याच्या गाडीला आवाजच नाही, उठणार कशाला? आणि वर बस जात नाही, ती खालच्या तळ्यापाशी संपते. म्हणजे किल्ली गेली तर नुसती गाडी जाणार नाही. खिडकीपण जाणार. हे तिएरीला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला फोटोतली ती ब्रेडची व्हॅन दिसत होती, आणि खरं सांगू का मामा, मलाही दिसत होती. मी सुरक्षा समितीची चिटणीस. मी कुठल्या तोंडाने म्हणणार की चालवू दे त्यांना?

म्हणून मी मध्ये पडले. (तू म्हणशील पडलीसच का. मला पडायला आवडतं.) मी म्हटलं, इथे वयस्कर लोकांसाठी एक परीक्षा असते, परीक्षक शेजारी बसून बघतात की माणूस गाडी चालवायला लायक आहे का. मादाम ती देतील. पास झाल्या तर किल्लीचं नाव काढायचं नाही, नापास झाल्या तर त्या स्वतः किल्ली देतील. तिएरी इतका जोरात हसला की मादाम तिथल्या तिथे हो म्हणाल्या. त्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता माझी शिकवणी ऐक. पहिले धडे स्वयंपाकघराच्या टेबलावर. मीठदाणी म्हणजे चर्च, ब्रेडची टोपली म्हणजे बेकरी, आणि दालचिनीची बिस्किटं म्हणजे गाड्या. मी समजावून सांगत होते की हे बिस्किट डावीकडून येतंय, हे तुमचं बिस्किट, आता तुम्ही काय करणार? मादामनी डावीकडचं बिस्किट उचललं, कॉफीत बुडवलं आणि खाल्लं. मग म्हणाल्या, आता रस्ता मोकळा आहे. असं आठवडाभर चाललं. माझं वजन वाढलं, प्रगती शून्य. दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर उतरलो. बाकी सगळं त्यांना येतं, मामा. माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. गिअर तर असे टाकतात की लोणी कापावं. फक्त तो कोपरा आला की पाय ब्रेककडे जातच नाही, हनुवटी वर, नजर समोर, आणि सुईंग. मी किंचाळले की त्या म्हणायच्या, पोरी, अशी ओरडू नकोस, शेजाऱ्यांना वाटेल मला चालवता येत नाही.

"थांबले तर हक्क गेला." हे त्यांचं एकच पालुपद. मी नवा नियम छापून आणून दाखवला, की आता थांबलं तरी हक्क तुमचाच. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली, आणि मग जे म्हणाल्या ते माझ्या लेखी परीक्षेत विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, कायदा बदललाय हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण उतारावरून येणाऱ्याला माहीत आहे का?

आणि नव्हतंच माहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी म्हणून त्या कोपऱ्यावर थांबल्या. उतारावरून पहिली गाडी आली, त्याला वाटलं या बाईंनी आपल्याला जाऊ दिलं, तो हात हलवून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याने तर हॉर्न वाजवून आभार मानले. मागे आमच्या बोळात रांग लागली, मागच्याने हॉर्न वाजवला तो आभाराचा नव्हता. चर्चमधली प्रार्थना सुटली आणि अख्खं गाव आमच्यासमोरून घरी जेवायला गेलं. मादाम स्टिअरिंग धरून बसलेल्या, मान ताठ, डोळे समोर, आणि त्यांच्या गालावरून एक थेंब खाली आला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. फेर्नां गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसले असतील, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, ग्रॉन्या, तू एका बाईला सुरक्षित केलंस आणि आता ती कायमची बेकरीपाशी राहणार.

मग पुढे जे झालं ते मी शिकवलेलं नाही, पण क्रेडिट मी घेणार आहे. मादामनी डोळे पुसायला मान वळवली. म्हणजे डावीकडे वळवली. आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उतारावरून येणाऱ्या माणसाकडे बघितलं. तो खाटीक होता, मोठा दाढीवाला माणूस, व्हॅन भरून मांस घेऊन येत होता. त्याने मादामची नजर पाहिली आणि मामा, शप्पथ, व्हॅन जागच्या जागी थांबली. त्याने टोपी काढली. त्याचा हात स्टिअरिंगवरून असा खाली गेला जसा आपण वर्गात च्युइंगगम लपवतो. मादाम हळूच पहिला गिअर टाकून त्याच्या समोरून निघून गेल्या आणि टेकडी चढायला लागल्या. मग म्हणाल्या, जॉस्लँ. सातचा पाढा कधीच आला नाही त्याला.

कळलं का तुला? अख्खं गाव त्यांच्या वर्गातून गेलंय. उतारावरून येणारा प्रत्येक टकला, प्रत्येक दाढीवाला, पालिकेचा तो अभ्यास करणारा साहेबसुद्धा, सगळे कधी ना कधी त्यांच्यासमोर हात पुढे करून नखं दाखवत उभे होते. आणि या बाई साठ वर्षं त्यांच्याकडे न बघता गाडी चालवत होत्या. केवढं हत्यार म्यानात! त्या दिवसापासून आम्ही फक्त एकच सराव केला. थांबायचं, मान वळवायची, बघायचं. पहिल्या दिवशी दूधवाला थांबला. मग पाद्रीबाबा थांबले (ते त्यांचे विद्यार्थी नाहीत, पण नजरेला काय माहीत). ग्रीक काका तर इतके घाबरले की त्यांनी गाडी उलटी घेतली.

परीक्षेचा दिवस. परीक्षक मोस्यू व्हर्लिंडेन शहरातून आलेले, म्हणजे त्यांच्यावर नजरेचा उपयोग नव्हता. चेहऱ्यावर काही भाव नाही, हातात कागद लावलेली पाटी. मला घरचं माणूस म्हणून मागे बसू दिलं, अट एकच, तोंड उघडायचं नाही. (माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण अर्धा तास.) मादामनी ठेवणीतला निळा कोट घातला होता. त्यांनी गाडी बाहेर काढली, तळ्यापाशी वळवली, शाळेपाशी हळू केली, सायकलवाल्याला जागा दिली, सगळं असं की मागे बसून टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. आणि मग परीक्षक म्हणाले, आता बोळातून बेकरीकडे घ्या.

मादाम कोपऱ्यावर थांबल्या. पूर्ण थांबल्या. मान वळवली. आणि उतारावरून, अजिबात आवाज न करता, एक राखाडी गाडी सुसाट खाली येत होती. तिएरी. परीक्षा बघायला यायला त्याला उशीर झाला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने फोन कानाला. त्याने पांढरी गाडी थांबलेली बघितली, आणि त्याला काय वाटलं असेल ते मी सांगू शकते: आई थांबली, म्हणजे मी जायचं. त्याने वेग कमीसुद्धा केला नाही. मी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला. मादाम हलल्या नाहीत. हॉर्न नाही, हात नाही. नुसतं बघितलं.

राखाडी गाडी आमच्यासमोर अशी थांबली की तिचं नाक खाली टेकलं आणि तिएरीचं कपाळ काचेपर्यंत येऊन परत गेलं. मादामनी खिडकी खाली केली. ती हाताने फिरवायची खिडकी आहे, वेळ लागतो. बेकरीतले लोक बाहेर आले होते. खिडकी पूर्ण खाली आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तिएरी. फोन."

त्याने फोन ठेवला. ठेवला म्हणजे मागच्या सीटवर टाकला, हाताला चटका बसल्यासारखा. विम्याच्या ऑफिसातला मोठा साहेब, पन्नाशीचा माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ बसला. मादामनी पहिला गिअर टाकला आणि त्याच्या समोरून लोण्यासारख्या निघून गेल्या. परीक्षकांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. मग वर न बघता विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

"माझ्या वर्गात होता," मादाम म्हणाल्या. "मागच्या बाकावर बसायचा."

पास, मामा. अट फक्त एक, अंधार पडल्यावर चालवायचं नाही, आणि अंधार पडल्यावर त्या तसंही टीव्हीवरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम बघतात. शिवाय परीक्षक खाली उतरल्यावर म्हणाले की त्या राखाडी गाडीवाल्या गृहस्थांना कधी वेळ असेल तर त्यांनाही घेऊन या. तिएरी तिथेच उभा होता. त्याने आईसाठी गाडीचं दार उघडलं, आणि बेकरीतून अख्खा गोड भाताचा टार्ट विकत आणून मागच्या सीटवर माझ्या मांडीवर ठेवला. मग आम्ही तिघं मादामच्या गाडीतून वर वृद्धाश्रमात गेलो. तो पुढे आईशेजारी, गुडघे हनुवटीपर्यंत. फेर्नां खिडकीशी होते. आम्ही आत गेल्यावर त्यांनी तिएरीकडे बघितलंच नाही, मादामकडे बघून म्हणाले, "ओडेट, ब्रेक दुरुस्त करून घेतलेस वाटतं." नाव घेतलं. मादाम हो म्हणाल्या आणि टार्ट कापायला घेतला, आणि तिएरी काहीतरी आणायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आणि गावाचं काय झालं ते ऐक, कारण हा आमच्या समितीचा विजय आहे आणि मी तो सोडणार नाही. पिर्कोने परत एका शनिवारी मोजणी केली. आता कोपऱ्यावर सगळे थांबतात. बोळातून येणारेही थांबतात आणि उतारावरून येणारेही, कारण कुणाला सांगता येत नाही की पलीकडे मादाम असतील की नाही. सगळे माना वळवून बघतात. पालिकेचा अभ्यास अजून चालू आहे, पण आता त्याची गरजच नाही. परक्या लोकांनी सूपमध्ये मीठ घालून दाखवलं, मामा. तू आता काय म्हणशील ते म्हण.

मामीला आणि मेंढ्यांना प्रेम. 

तुझी विजयी भाची,
ग्रॉन्या

ता. क. मीपण परवा गाडीची परीक्षा दिली. इथे घरच्या कुणाकडूनही शिकता येतं, त्यामुळे मला मादामनीच शिकवलं, साठ वर्षांचा अनुभव. नापास. परीक्षक तेच होते. म्हणाले, थांबता फार छान, पण कधीतरी निघायलाही हवं. समितीला सांगितलेलं नाही, तूही आईला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. आईवरून आठवलं. ती सांगत होती की तू पुन्हा जीप डेअरीच्या वळणावरच्या चरात घातलीस, आणि वर चरालाच शिव्या दिल्यास. तिने हेही सांगितलं की तुझं लायसन्स त्या वर्षीचं आहे ज्या वर्षी परीक्षांची रांग इतकी लांबली होती की सरकारने कंटाळून रांगेतल्या सगळ्यांना लायसन्स वाटून टाकली. मला इतकी वर्षं वाटत होतं तू परीक्षा दिलीयस! म्हणजे तू आणि मादाम एकाच शाळेचे. तर माझं असं ठरलंय (आईचंही) की आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे येतोय, आणि मादाम रोज सकाळी जीपमध्ये तुझ्या शेजारी बसतील. काही बोलणार नाहीत, नुसतं बघतील. खालच्या दोन्ही खोल्या झाडून ठेव, कारण फेर्नांना डॉक्टरांनी आठवडाभर सोबत न्यायला परवानगी दिलीय. त्या गाडीत बसले की ते एकदम खूश असतात, आणि परवा त्यांनी गिअर चुकला म्हणून टोकलंसुद्धा.

शेवटचं ता. क. येताना आम्ही फ्रान्सच्या किनाऱ्यावरून बोटीत गाडी घालून येणार, म्हणजे मादामच्याच गाडीतून, आणि चालवणार अर्थात मादाम, कारण लायसन्स त्यांच्याकडेच आहे. तिएरी मागून त्याच्या गाडीने येईल. सगळी तयारी झालीय, फक्त एक बारीकशी गोष्ट राहिलीय. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि उजवीकडच्या हक्काला कुणी विचारत नाही, हे मादामना अजून कुणी सांगितलेलं नाही. तिएरी म्हणतो तू सांग, मी म्हणते तुझी आई आहे. तर मामा, तुला काय वाटतं, बोटीवर चढायच्या आधी सांगावं, की सरळ उतरल्यावर?